हरवलेली फिल्म, पवईचे अक्षर आणि चुईमची गच्ची : मुंबईतील माध्यमकलेचा इतिहास

१/
१९७० च्या सुमारास मुंबईतील एका चित्रकाराने सोळा मिलिमीटरच्या फितीवर काही मिनिटांचा रंगीत प्रायोगिक चित्रपट केला. त्याची एकच प्रत होती. ती प्रदर्शनासाठी दिल्लीला पाठवली गेली आणि परत आलीच नाही. चित्रकाराचे नाव अकबर पदमसी. चित्रपटाचे नाव ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. भारतीय माध्यमकलेच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक असा टपालात नाहीसा झाला. हा धागा त्या एका प्रतीपासून सुरू होतो आणि पवई, जुहू, खार, मानखुर्द, अंधेरी असा उत्तरेकडे सरकत आजच्या गोरेगावपर्यंत येतो.

२/
आधी शब्दाचा अर्थ. माध्यमकला म्हणजे फिल्म, व्हिडिओ, संगणक, आंतरजाल यांच्यावाचून जी घडूच शकत नाही, अशी कला. ती संगणकावर घडू लागली की तिला डिजिटल माध्यमकला म्हणतात. कुंचला आणि कागद चित्रकाराला स्वतःच्या खिशातून घेता येतात. कॅमेरा, संकलनाचे यंत्र, प्रक्षेपक, काळोखी खोली आणि ते सारे चालवणारा तंत्रज्ञ एकट्याच्या आवाक्यात क्वचितच असतात. म्हणून या कलेचा इतिहास लिहिताना कलावंतांइतकाच संस्थांचा, जागांचा आणि पैशांचा इतिहास लिहावा लागतो. शहर एखाद्या कलेला आधार देते म्हणजे नेमके काय देते, या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच मिळते.

३/
पहिला आधार सरकारी होता. पेडर रोडवरील फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगचित्रपटांचा विभाग सुरू झाला. तो उभा करण्यासाठी क्लेअर वीक्स हे डिस्नेमध्ये काम केलेले अमेरिकन अॅनिमेटर मुंबईत आले. त्यांच्या हाताखाली जी तरुण मंडळी शिकली, त्यांत राम मोहन होते. पुढे त्यांनाच भारतीय अॅनिमेशनचे जनक म्हटले गेले. १९५७ मध्ये या विभागातून ‘द बनियन डिअर’ हा जातककथेवरील चित्रपट बाहेर पडला. सरकारने येथे तीन गोष्टी एकत्र आणल्या होत्या : महागडी यंत्रे, शिकवणारा जाणकार आणि शिकणाऱ्यांना नियमित पगार.

४/
त्याच इमारतीत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाँ भावनगरी यांच्या प्रोत्साहनाने प्रयोगांना मोकळीक मिळाली. प्रमोद पती यांनी १९६८ मध्ये ‘एक्सप्लोरर’ आणि ‘क्लॅक्सप्लोजन’ हे लघुपट केले. दुसऱ्याचा विषय कुटुंबनियोजन. त्यासाठी पती यांनी जिवंत माणसांनाच बाहुल्यांसारखे एकेका चौकटीत हलवून चित्रित केले. विषय सरकारी, पण भाषा जगातील कोणत्याही प्रायोगिक चित्रपटाच्या तोडीची. सरकारी चाकोरीतही एखादा वरिष्ठ अधिकारी जोखीम पत्करायला तयार असेल, तर काय घडू शकते याचे हे उदाहरण आहे.

५/
आता पदमसींकडे. १९६९ मध्ये त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून त्यांनी स्वतःपुरती चित्रे काढली असती तरी कोणी आक्षेप घेतला नसता. त्यांनी नेपियन सी रोडवर ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. तेथे कॅमेरा, संकलनाचे साहित्य आणि डार्करूम होती, आणि चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटकार यांनी एकत्र येऊन परस्परांच्या माध्यमांत हात घालावा अशी अपेक्षा होती. भारतात अशी कार्यशाळा बहुधा प्रथमच उभी राहत होती.

६/
तेथे आलेल्यांमध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकतीच बाहेर पडलेली तेवीस वर्षांची नलिनी मलानी होती. तिने पुठ्ठ्याच्या प्रतिकृती आणि रंगीत प्रकाश यांच्या साहाय्याने ‘ड्रीम हाउसेस’ हा स्टॉप-मोशन चित्रपट केला. स्वातंत्र्योत्तर भारताने आधुनिक वास्तुकलेत पाहिलेले स्वप्न हा त्याचा विषय. १९७६ मध्ये तिने त्याच्या शेजारी एक कृष्णधवल चित्रपट ठेवला. त्यात एक तरुणी मुंबईकडे पाहत उभी आहे. दोन पडद्यांच्या या कृतीचे नाव ‘युटोपिया’. याच मलानींना २०२३ मध्ये जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. सत्तरीनंतर त्या आयपॅडवर बोटाने अॅनिमेशन काढू लागल्या.

७/
पदमसींनी स्वतः तेथे दोन चित्रपट केले. पहिला ‘सिझिजी’, केवळ रेषांच्या रेखाटनांतून घडवलेला. त्याच्या अॅनिमेशनसाठी मदत केली राम मोहन यांनी. फिल्म्स डिव्हिजनने पंधरा वर्षांपूर्वी ज्या माणसाला घडवले, त्याचे कौशल्य आता एका चित्रकाराच्या खासगी प्रयोगाला उपयोगी पडत होते. सार्वजनिक पैशाने केलेली गुंतवणूक अशी अनपेक्षित ठिकाणी फळते. ती कोणत्याही अहवालात दिसत नाही. दुसरा चित्रपट ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. त्याचे काय झाले ते आरंभीच आले आहे.

८/
१९७२ च्या सुमारास कार्यशाळा थांबली. फेलोशिप एका व्यक्तीला, ठरावीक मुदतीसाठी मिळालेली होती. मुदत संपली, तेव्हा ती खोली चालवण्याची जबाबदारी घेणारे महापालिका, विद्यापीठ किंवा अकादमी यांपैकी कोणीही नव्हते. प्रती जपणारे ग्रंथालयही नव्हते. चार दशकांनंतर चित्रपटकार आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणींच्या आधारे तो हरवलेला चित्रपट पुन्हा रचण्याचा प्रयत्न केला. २०१६ चा तो माहितीपट मूळ चित्रपटाचेच नाव धारण करतो. पदमसी २०२० च्या जानेवारीत निवर्तले. मूळ प्रत मिळालेली नाही.

९/
याच वर्षांत अहमदाबादेत काय घडत होते ते पाहिले की फरक कळतो. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. तो स्टुडिओही काही वर्षांत बंद पडला आणि विस्मरणात गेला. मात्र फिती संस्थेच्या संग्रहात राहिल्या. जवळपास अर्धशतकानंतर पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या सापडल्या, आणि ते संगीत आज ऐकता येते. दोन्ही प्रयोग अल्पायुषी ठरले. अहमदाबादच्या प्रयोगामागे संग्रह असलेली संस्था होती, एवढाच भेद.

१०/
आणि एक शहर : ऑस्ट्रियातील लिंझ. पोलाद कारखान्यांचे, धुराने काळवंडलेले औद्योगिक गाव म्हणून ते ओळखले जाई. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये तेथे कला, तंत्रज्ञान आणि समाज यांना वाहिलेला ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ महोत्सव सुरू झाला. १९८७ मध्ये त्याला पुरस्कारांची जोड मिळाली, १९९६ मध्ये कायमस्वरूपी केंद्र उभे राहिले. हा उपक्रम चालवणारी कंपनी लिंझ शहराच्या मालकीची आहे. महोत्सव कितीही गाजला, तरी तो संपल्यानंतर उघडी राहणारी इमारत आणि दरवर्षीची तरतूद यांमुळेच लिंझचे नाव टिकले.

११/
मुंबईत हा कारभार कोठे उभा राहू शकला असता? दक्षिण मुंबईत जागा उरली नव्हती. १९५० आणि १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या सीमा उत्तरेकडे वाढल्या आणि मोठ्या संस्था उपनगरांत गेल्या. पवईला १९५८ मध्ये आयआयटी आली. अंधेरीत १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झाले. गोरेगावला १९७७ मध्ये चित्रनगरी वसली. संगणक, इलेक्ट्रॉनिक्स आणि चित्रपट या तिन्हींचे पत्ते आता उपनगरांतले होते. कलादालने मात्र काळा घोडा आणि कुलाबा परिसरातच राहिली. यंत्रे उत्तरेला आणि भिंती दक्षिणेला, अशी या कलेची विभागणी तेव्हापासूनची आहे.

१२/
पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये, म्हणजे पदमसींच्या कार्यशाळेच्याच वर्षी, औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. आज ते आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन या नावाने ओळखले जाते. जर्मनीतील उल्म येथील प्रसिद्ध डिझाइन विद्यालयात शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी त्याच्या उभारणीत अग्रभागी होते. अभियंत्यांच्या संस्थेत चित्रकाराला काय काम, अशी शंका तेव्हा अनेकांना आली असेल. १९८३ मध्ये तेथे एक असा प्राध्यापक आला, ज्याच्या कामाने त्या शंकेचे उत्तर दिले.

१३/
रघुनाथ कृष्ण जोशी, सर्वांचे र. कृ. जोशी, यांचा जन्म १९३६ चा. उल्का या जाहिरात संस्थेत त्यांनी दोन दशके कलादिग्दर्शक म्हणून काम केले. साठच्या दशकातील मराठी लघुनियतकालिकांच्या चळवळीत ते कवी होते. अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ घडवणारी दृश्यकविता त्यांनी मराठीत रुजवली. सुलेखनाला त्यांनी कागदाबाहेर काढले आणि प्रेक्षकांसमोर सादर होणारी कला केले. सत्तेचाळिसाव्या वर्षी जाहिरातीतील स्थिर मानाचे पद सोडून हे गृहस्थ पवईला शिकवायला आले आणि १९९६ पर्यंत तेथे राहिले. त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न होता : देवनागरी संगणकात शिरणार कशी?

१४/
प्रश्न अवघड का, ते एका उदाहरणाने समजते. ‘कि’ हे अक्षर घ्या. उच्चारात आधी क, मग इकार. कागदावर मात्र ऱ्हस्व इकाराची वेलांटी क च्या आधी दिसते. संगणक साठवताना उच्चाराचा क्रम ठेवतो आणि दाखवताना तो बदलावा लागतो. ‘स्त्री’मध्ये तीन व्यंजने एकमेकांत मिसळतात, ‘र्क’ लिहिताना र चा रफार होऊन डोक्यावर चढतो. रोमन लिपीत एका कळीमागे एक आकार पुरतो. देवनागरीत शेजारी कोण आहे त्यावर आकार ठरतो. म्हणून फॉन्टमध्ये आकारांसोबत त्यांच्या मीलनाचे नियमही भरावे लागतात. सुलेखनकाराच्या हाताला ते नियम ठाऊक असतात. यंत्राला ते एकेक करून शिकवावे लागतात.

१५/
हे शिकवण्याचे काम जुहूला झाले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफरॅक’ हा देशी बनावटीचा संगणक पूर्णत्वास गेला होता. त्या संस्थेतील संगणकशास्त्राच्या परंपरेतूनच १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, स्वतंत्र झाले आणि जुहूत स्थिरावले. पुढे २००३ मध्ये ते सी-डॅकमध्ये विलीन झाले. या केंद्रात र. कृ. जोशी संगणकशास्त्रज्ञांच्या शेजारी बसून अक्षरे घडवू लागले. विनय सायनेकर यांच्या साहाय्याने त्यांनी घडवलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० सोबत जगभर गेला. त्यापाठोपाठ गुजराती, गुरुमुखी, कन्नड, तेलुगू, मल्याळम, बंगाली या लिप्यांचे फॉन्टही येथून गेले.

१६/
दोन हजारच्या दशकात संगणकावर मराठी पत्र, निवेदन किंवा ब्लॉग वाचलेल्या बहुतेकांनी र. कृ. जोशींचे अक्षर वाचले आहे. त्यांतील फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक होते. याच केंद्रातून त्यांचे ‘रघु’ मालिकेतील फॉन्ट मुक्त परवान्यावरही उपलब्ध झाले. वैदिक स्वरचिन्हांना संगणकीय संकेत मिळावेत यासाठीही त्यांनी परिश्रम घेतले. २००८ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. कवी, सुलेखनकार आणि तंत्रज्ञ यांना वर्षानुवर्षे एका छताखाली बसू देणाऱ्या दोन सार्वजनिक संस्था पवई आणि जुहूला नसत्या, तर हे काम कदाचित दुसऱ्या कोणत्या तरी देशात, देवनागरी न लिहिणाऱ्यांच्या हातून झाले असते.

१७/
संस्था टिकली की परंपरा पुढे जाते, याचा पुरावाही येथेच आहे. सारंग कुलकर्णी, आयडीसीतील अध्यापक गिरीश दळवी आणि नूपुर दात्ये यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘एक टाइप’ हा अक्षरकारांचा गट उभा राहिला. ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ हे त्यांचे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याने मिळतात. आज मराठी संकेतस्थळांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांवर ते सर्रास दिसतात. मुक्त परवाना म्हणजे कोणीही विनामूल्य वापरावे, बदलावे, पुढे द्यावे. पदमसींच्या एकमेव प्रतीच्या नेमके विरुद्ध टोक : ज्याच्या प्रती असंख्य, ते हरवणे कठीण.

१८/
अॅनिमेशनची कथा मात्र इतकी सुखाची नाही. १९९० नंतर अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात स्टुडिओ वाढले. त्यांतील बरेचसे काम परदेशी मालिका आणि चित्रपटांसाठी. हजारो तरुण हातांना रोजगार मिळाला, ही मोठी गोष्ट. स्वतःची कृती करू पाहणाऱ्यांची वाट मात्र एकाकी राहिली. जे. जे.च्या विद्यार्थिनी गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ हा लघुपट जवळजवळ एकटीने रंगवला. २००६ मध्ये तो कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात गौरवला गेला. चौकटीमागून चौकट रंगवलेला त्यांचा ‘बॉम्बे रोझ’ २०१९ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट ठरला. विषय मुंबई, रंग मुंबईचे. पहिली टाळी दोन्ही वेळा युरोपात.

१९/
आयडीसीच्या प्राध्यापक शिल्पा रानडे यांचा ‘गोपी गवय्या बाघा बजैया’ घ्या. बालचित्र समितीच्या आधाराने तो घडला. २०१३ मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला गेला. भारतातील चित्रपटगृहांत तो पोहोचला २०१९ मध्ये. सहा वर्षे! जो मुलगा २०१३ मध्ये आठ वर्षांचा होता, तो तोवर चौदाचा झाला. चित्रपट घडवायला सार्वजनिक पैसा मिळाला, दाखवायला जागा मिळाली नाही. आधाराची साखळी एका कडीने तुटली, तरी कलाकृती प्रेक्षकाविना राहते.

२०/
दाखवण्याची आणि जपण्याची ही कडी जोडण्याचा सर्वांत चिवट प्रयत्न एका गच्चीवर झाला. खार पश्चिमेला चुईम हे जुने गावठाण आहे. २००७ मध्ये शैना आनंद, संजय भांगर आणि अशोक सुकुमारन यांनी ‘कॅम्प’ हा गट स्थापन केला आणि चुईममधील एका इमारतीत बिऱ्हाड थाटले. वर गच्चीवर पडदा. तेथे रात्री चित्रपट दाखवले जात, त्यावर चर्चा होई, आणि प्रवेशासाठी तिकीट नसे. कलादालनाची पायरी चढायला बिचकणारा विद्यार्थीही गच्चीवर सतरंजीवर बसू शकतो.

२१/
२००८ मध्ये कॅम्पने मुंबईतील ‘मजलिस’ व ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’, बंगळूरचा ‘अल्टरनेटिव्ह लॉ फोरम’ आणि बर्लिनमधील तंत्रज्ञ सहकारी यांच्यासह ‘पॅड डॉट मा’ हा आंतरजालावरील व्हिडिओ-संग्रह सुरू केला. कल्पना साधी आणि विलक्षण होती. चित्रपटकार शंभर तास चित्रित करतो आणि एक तास वापरतो. उरलेले नव्याण्णव तास कपाटात कुजतात. ते येथे ठेवायचे. प्रत्येक क्षणाला कालांक द्यायचा आणि त्या कालांकाला टिपण, भाषांतर, संदर्भ जोडायचे, म्हणजे व्हिडिओ ग्रंथासारखा शोधता येतो. २०१३ मध्ये याच पद्धतीवर भारतीय चित्रपटांसाठी ‘इंडियनसिने डॉट मा’ उभे राहिले.

२२/
याच गटाने दुसरा एक प्रश्न विचारला : डिजिटल कला करण्याचा अधिकार कोणाचा? ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ (२०१३) हा त्यांचा चित्रपट कच्छच्या आखातातून आखाती देशांकडे व आफ्रिकेकडे जाणाऱ्या खलाशांसोबत घडला; त्यातील बरीच दृश्ये खलाशांनी स्वतःच्या मोबाइलवर टिपलेली, स्वतःच्या आवडीची गाणी लावलेली आहेत. मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंडमध्ये, प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांच्या वसाहतीत, कॅम्पने रहिवाशांसह ‘आर अँड आर’ ही जागा चालवली. शहराने ज्यांना कडेला हलवले, त्यांच्या दारात कॅमेरा आणि पडदा नेण्याचा हा उद्योग होता.

२३/
जगाने दखल घेतली. २०१२ मध्ये जर्मनीतील डॉक्युमेंटा. २०२० मध्ये दक्षिण कोरियातील नाम जून पाईक कला केंद्राचा पुरस्कार. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात स्वतंत्र प्रदर्शन. त्यात ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ (२०२२) ही कृती होती : एका पस्तीस मजली इमारतीवरील सीसीटीव्ही कॅमेरा क्षितिजावरील मनोऱ्यांपासून खाली वस्तीच्या पत्र्यांपर्यंत उतरत येतो. मुंबईतही दार उघडले होते. २०१५ मध्ये भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांचे काम मांडले गेले. महापालिकेच्या मालकीच्या त्या वास्तूचा २००८ मध्ये जीर्णोद्धार झाला नसता, तर ते दार उघडण्याच्या स्थितीतच नसते.

२४/
आता अंधेरी. वर्सोव्याचे आराम नगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील बराकी. फाळणीनंतर तेथे निर्वासित राहिले, आणि अलीकडच्या काळात नाटकाच्या तालमी, छोटे स्टुडिओ, प्रायोगिक चित्रपटांचे खेळ यांनी त्या बैठ्या घरांना नवा जीव दिला. ‘हरकत’सारख्या स्टुडिओने तेथे सोळा मिलिमीटरच्या फितीचे वेड पुन्हा जागवले. या जागा कोणत्याही धोरणाने दिलेल्या नाहीत. भाडे परवडले म्हणून मिळाल्या. पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की त्या सर्वांच्या डोक्यावर टांगती तलवार येते. पदमसींची कार्यशाळा फेलोशिप संपल्यावर संपली. या जागा भाडेकरार संपल्यावर संपू शकतात.

२५/
महापालिकेला असा आधार देता येत नाही, असे म्हणायला इतिहासात आधार नाही. विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर, मुलुंडचे महाकवी कालिदास नाट्यमंदिर ही महापालिकेचीच. शिवाजी मंदिरापर्यंत न जाता उपनगरातील कुटुंबाला मराठी नाटक पाहता आले, ते या वास्तूंमुळे. नाटकाला रंगमंच, विंगा आणि मेकअपची खोली लागते हे तेव्हाच्या नगरपित्यांना समजले होते. माध्यमकलेला लागतात काळोखी खोली, चांगला प्रक्षेपक, वेगवान जोडणी आणि ते सांभाळणारा एक पगारी तंत्रज्ञ. मागणी नाट्यगृहापेक्षा मोठी नाही.

२६/
सरकारचे लक्ष आता या क्षेत्राकडे वळले आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, दृश्यप्रभाव, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापन करण्यास मंजुरी दिली. त्यातून भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था आकाराला येत आहे. कायमच्या संकुलासाठी गोरेगावच्या चित्रनगरीतील जागा ठरली. उद्देश मुख्यतः उद्योग आणि रोजगाराचा आहे, आणि त्यात गैर काही नाही. फिल्म्स डिव्हिजनचा विभागही प्रचारपटांसाठीच निघाला होता. पण त्याच्या कपाटात आणि वेळापत्रकात प्रमोद पतींसाठी फट राहिली होती. गोरेगावच्या नव्या इमारतीत तशी फट ठेवली जाईल का, हे आज ठरते आहे.

२७/
जतनाचा प्रश्न तर पूर्वीपेक्षा बिकट आहे. सोळा मिलिमीटरची फीत पन्नास वर्षांनी उजेडात धरली तरी चित्र दिसते. डिजिटल कृती चालण्यासाठी तिचे यंत्र आणि सॉफ्टवेअरही जिवंत असावे लागते. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार थांबला आणि दोन दशकांत जगभर केलेली असंख्य अॅनिमेशन आणि खेळ मूळ रूपात उघडेनासे झाले. काही संग्राहकांनी पर्यायी साधने तयार केली म्हणून त्यांतील बरेच वाचले. बोरिवली-घाटकोपरच्या महाविद्यालयांत आज विद्यार्थी जे करत आहेत, ते वीस वर्षांनी कोणत्या तबकडीवर, कोणत्या स्वरूपात सापडेल, याची नोंद ठेवणारी सार्वजनिक व्यवस्था हवी.

२८/
सहा-सात दशकांच्या या इतिहासात मुंबईला प्रतिभेची टंचाई कधीच भासली नाही. जेथे पगारी संस्था होती तेथे देवनागरी संगणकात शिरली. जेथे खुला संग्रह होता तेथे कपाटातले तास लोकांपर्यंत पोहोचले. जेथे एका व्यक्तीच्या मुदतीच्या अनुदानावर सारे उभे होते, तेथे कार्यशाळा तीन वर्षांत मिटली आणि चित्रपट टपालात गेला. महोत्सव भरवणे सोपे असते. महोत्सवानंतरच्या सोमवारी खोलीचे कुलूप कोण उघडणार, तंत्रज्ञाचा पगार कोण देणार आणि दुसरी प्रत कोठे ठेवणार, या तीन प्रश्नांची उत्तरे अर्थसंकल्पात लिहावी लागतात. मुंबईच्या उपनगरांसाठी ती अजून लिहायची आहेत.

(धागा समाप्त)